तक्तेकर

तक्तेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कोकणातल्या एका सातबाऱ्यावर अजून शाबूत आहे, पण सिडनीच्या पश्चिमेला ब्लॅकटाऊनपासून वेंटवर्थव्हिलपर्यंत जी मराठी घरं पसरली आहेत, तिथे ते विचारलंत तर कुणाला चटकन आठवणार नाही. 'आज तक्तेकरांकडे जेवायला आहोत', 'तक्तेकरांना विचार, त्यांनी बघून ठेवलं असेल' असंच सगळे म्हणतात. कारण हा गृहस्थ कुठलीही वस्तू तक्ता केल्याशिवाय घरात आणत नाही. आडव्या ओळीत पर्याय, उभ्या रकान्यात गुणदोष, प्रत्येक रकान्याला वजन, शेवटी बेरीज. बेरीज झाली की तक्तेकर ती दोन दिवस मुरत ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी नवा रकाना सुचतो.

गादी घ्यायची ठरली तेव्हा अख्खं कुटुंब आठ महिने जुन्या गादीवर, मधला खड्डा चुकवत, कडेकडेने झोपत होतं. टोस्टरचा निकाल लागेपर्यंत वहिनींनी घरात पाव आणणंच सोडलं होतं. घराचं मात्र वेगळं झालं. सिडनीत घरांचे लिलाव बहुधा शनिवारी, घराच्याच अंगणात होतात. तक्तेकर फुटपाथवर उभे राहून मोबाइलवर व्याजदराचा रकाना दुरुस्त करत होते. लिलाववाला 'शेवटची हाक' म्हणाला, तेवढ्यात वहिनींनी हात वर केला. हातोडा पडला. तक्तेकरांनी मान वर करून विचारलं, "कुणी घेतलं?" वहिनी म्हणाल्या, "आपण."

आता कुणाला वाटेल की माणूस चिक्कू असणार. अजिबात नाही. पंगतीला आग्रह करकरून वाढणारा, अडल्यानडल्याला मध्यरात्री विमानतळावर न्यायला येणारा माणूस आहे. त्यांना धास्ती खर्चाची नसते. वस्तू घरात आल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी तरी सोफ्यावर रेलून म्हणेल, "अरे, हे कशाला घेतलंस? त्यापेक्षा ते दुसरं घ्यायचं!", त्या एका वाक्याची धास्ती असते. तक्ता हे त्या न आलेल्या पाहुण्याला आगाऊ दिलेलं उत्तर आहे.

लेकीला दहावं लागलं आणि तिने प्राणी मागितला. तक्ता झाला. कुत्रा बाद, कारण भारतात गेल्यावर त्याला कुणाकडे ठेवणार? मांजर सोफ्यामुळे बाद. मासे फार पुढपर्यंत आले होते, पण त्या वर्षी तक्तेकरांच्या आई राहायला आल्या होत्या आणि कुठलाही मासा बघून त्यांना आधी वाटणच आठवायचं. बेरजेत पहिला आला बिअर्डेड ड्रॅगन.

नाव भारदस्त, प्रत्यक्षात सरडा. घरी आला तेव्हा तळहातावर मावत होता. हनुवटीखाली मऊसर काट्यांची झालर. बिथरला की ती फुगवून काळीकुट्ट करतो, म्हणून दाढीवाला. दुसऱ्यापुढे नमतं घ्यायचं असलं की पुढचा एक पाय उचलून हवेत हळूच गोल फिरवतो. आमच्या मराठी मंडळात निवडणुकीनंतर ही सवय काही जणांना लागायला हरकत नव्हती. पूर्ण वाढला की शेपटीसकट दीडपावणेदोन फूट होतो. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी प्राण्यांची व्यापारी निर्यात कधीच बंद केली आहे, तरी अमेरिका-युरोपातल्या दिवाणखान्यांत याच्या पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच जन्मून नांदताहेत. इथे, त्याच्या मायदेशात, न्यू साउथ वेल्समध्ये मात्र तो पाळायला सरकारी परवाना लागतो आणि रानातून उचलून आणणं गुन्हा आहे. परवाना तक्तेकरांनी काढला. ही सगळी माहिती आणि 'पोगोना व्हिटिसेप्स, वर्णन करणारा एर्न्स्ट आल, साल 1926' हे त्यांनी मला पुरी तोंडात असताना सांगितलं, त्यामुळे मला विषय बदलता आला नाही.

नाव आजींनी ठेवलं, यशवंती. सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढलेल्या घोरपडीची दंतकथा नातीला सांगायची ही नामी संधी त्यांनी सोडणं शक्य नव्हतं. पुढे जनावर मोठं झालं, शेपटीच्या बुंध्याशी दोन फुगवटे दिसू लागले आणि यशवंतीचा यशवंत करावा लागला. तक्तेकर तेव्हाही तयार होते. "या जातीत अंडी 32 अंशांच्या वर उबवली गेली तर नराची गुणसूत्रं असलेलं पिल्लूसुद्धा मादी होऊन बाहेर येतं," ते म्हणाले. आजी म्हणाल्या, "येऊ दे हो. इथे तर मादीचा नर झालाय, तो कुठल्या अंशावर?"

पेटी आली. समोरून काच, 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद, 60 उंच. एका टोकाला ऊन खायचा दिवा, वर अतिनील किरणांची नळी, चढून बसायला लाकडाचा ओंडका, दिवेलागणीला टायमर. ज्या माणसाकडून पिल्लू घेतलं त्याने कागदावर सगळं लिहून दिलं होतं. चिऊने, म्हणजे लेकीने, तो कागद भिंतीला चिकटवला आणि रविवारच्या एका दुपारी दिवे, तापमान, कॅल्शियमची भुकटी, रातकिड्यांचा डबा, सगळं लावून मोकळी झाली. उरला एकच प्रश्न, खाली काय घालायचं? तक्तेकर त्याला सब्स्ट्रेट म्हणत. वहिनी 'ते खालचं' म्हणत.

पेटीची जमीन पावणेआठ चौरस फूट. "निर्णय होईपर्यंत तात्पुरता स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर घालू," असं तक्तेकर ऑक्टोबरात म्हणाले. त्या तात्पुरत्या कागदावर यशवंत बोटाएवढा होता तो कोपरापर्यंतच्या हाताएवढा झाला. कागद रोज सकाळी बदललेला असायचा.

आणि तक्ता वाढत होता. पहिली ओळ वाळूची. दुकानातल्या पोत्यावर पिवळ्याधमक टेकड्या आणि त्यावर ऐटीत बसलेला ड्रॅगन. तक्तेकरांनी पोतं हातात घेऊन मला तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. हे चित्र काढणारा या जनावराच्या गावी कधी गेलेला नाही! त्याचा मुलूख म्हणजे देशाचा आतला कोरडा भाग, आपल्याच राज्याची पश्चिम बाजू, क्वीन्सलंडचा आतला पट्टा, साउथ ऑस्ट्रेलिया. तिथे पायाखाली सगळीकडे भुसभुशीत वाळूच्या टेकड्या नसतात. लाल, मातकट, उन्हाने भाजून घट्ट झालेली जमीन, मधूनमधून मल्गाची झुडपं आणि मैलोन् मैल तारेचं कुंपण. ड्रॅगन बसलेला असतो त्या कुंपणाच्या खांबावर. वाळूत पिल्लू किड्यावर झेपावलं की चिकट जिभेला किड्याबरोबर वाळूही येते. ती थोडी थोडी साचून आतडं तुंबतं. शिवाय धूळ डोळ्यांत.

मग कॅल्शियमची वाळू. लाल, निळी, जांभळी. 'गिळली तरी पचते' अशी जाहिरात. तक्तेकर म्हणाले, "पचते म्हणून सांगताय, म्हणजे जनावर ती गिळणार हे तुम्हालाही मान्य आहे ना?" ज्या ड्रॅगनला कॅल्शियम कमी पडतं तो ती मुद्दाम चाटतो आणि ओली झाली की तिचा गोळा होतो. पोटात ओलच असते. दोन रकान्यांत लाल रंग.

अक्रोडाच्या कवचाचा भरडा. यासाठी तक्तेकरांनी भिंग आणलं. प्रत्येक कणाला टोक. लाल. लाकडाचा भुसा, त्यात सीडर आणि चिडाचा. वास झकास, पण दिव्याच्या उष्णतेने त्यातलं तेल हवेत येतं आणि फुफ्फुसाला झोंबतं. कपाटात लोकरीच्या कपड्यांजवळ ठेवा, ड्रॅगनजवळ नको. सरड्यांसाठी खास सतरंजी मिळते, तिच्या विणीत नखं अडकतात आणि बाकीचं जे पडतं ते जिरून बसतं. विनाइलची पट्टी पुसायला सोपी, पण खालचा गोंद दिव्याखाली तापून वास सोडेल का? पिवळा. प्रश्नचिन्ह.

नारळाच्या काथ्याची वीट आली तेव्हा आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. "काथ्या म्हणजे आपलाच माल. घाल डोळे मिटून." पण काथ्या पाणी धरतो, कोरडा झाला की धूळ उडते आणि यशवंताला हवा लागते कोरडी. काथ्या नापास झाला. आजी संध्याकाळपर्यंत तक्तेकरांशी बोलल्या नाहीत. इतक्या लांब येऊन घरचा माल घरच्यानेच नापास केला म्हणजे काय!

कागदालाही तक्त्यात ओळ होती आणि गुण वाईट नव्हते. लहान पिल्लाला, नुकत्या आणलेल्याला, आजाऱ्याला कागदच बरा. पोट साफ आहे की नाही ते लगेच दिसतं. पण उकरायला मिळत नाही, नखं झिजत नाहीत आणि रातकिडे कागदाखाली शिरून रात्री मैफल लावतात.

चौदा रकाने झाले. गिळलं तर काय, धूळ, ओल, उष्णता धरतं का, नखं झिजतात का, उकरता येतं का, किडे लपतात का, वास, किंमत, टिकाऊपणा आणि आणखी काही. 'उष्णता धरतं का' या रकान्यासाठी एक इन्फ्रारेड थर्मामीटर आला. पिस्तुलासारखा धरायचा, घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. तो आल्यावर घरात काहीही सुरक्षित राहिलं नाही. दिव्याखालची जागा 41, पेटीचं थंड टोक 25, वहिनींचा तवा 210, आजींचं कपाळ 34. आजींनी पदर पुढे घेतला. सिडनीच्याच पेनरिथला 4 जानेवारी 2020 ला 48.9 अंश झालं होतं, तेव्हा हे यंत्र आपल्याकडे नव्हतं, याची हळहळ तक्तेकरांनी अनेकदा बोलून दाखवली.

शेवटी रिंगणात दोघं उरले, फरशी आणि माती. फरशीसाठी ते मला बनिंग्जला घेऊन गेले. दुकानाच्या दारात शनिवारचं सॉसेज भाजणं चालू होतं. आत फरशांच्या विभागात नमुने जमिनीवर मांडलेले. तक्तेकरांनी बूट काढले, मोजे काढले. मग गुडघे टेकले. मग दोन्ही हात टेकले आणि चकचकीत पॉर्सेलिनवरून रांगत काळ्या स्लेटवर गेले, तिथे थांबून दहा नखांनी फरशी खरवडली, कान देऊन आवाज ऐकला आणि उलट वळून पुन्हा पॉर्सेलिनवर आले. मी मजल्यावरची इतर गिऱ्हाईकं किती आहेत ते बघत होतो. लाल टी-शर्ट घातलेला एक उंच मुलगा जवळ आला.

"यू राइट, मेट?"

"लिझर्ड," तक्तेकर खालूनच म्हणाले.

इतर कुठल्याही देशात या उत्तरावर रखवालदाराला बोलावलं असतं. तो मुलगा खाली उकिडवा बसला. "बिअर्डी? माझ्याकडे दोन आहेत. स्लेट घे. गुळगुळीत घेऊ नकोस, पाय घसरतात. कडा एकमेकींना भिडव, फटीत घाण बसते." आणि निघून गेला.

मी म्हटलं, "झालं की मग." तक्तेकरांनी मोजे घालत माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. "एका माणसाचा अनुभव आहे हा," ते म्हणाले. "नमुना फार लहान." आम्ही चार प्रकारच्या फरशांचा एकेक तुकडा घेऊन परतलो. ते तुकडे आठवडाभर दिव्याखाली आळीपाळीने तापत होते.

मातीची बाजू आजींनी घेतली. काथ्याचा राग तोवर निवळला होता. एका दुपारी चहा घेताना त्यांनी विचारलं, "पण त्याच्या गावाला कसली जमीन असते रे?"

"लाल माती, आई. घट्ट बसलेली. थोडी रेव, थोडी चिकणमाती."

"मग जमीन करा की! इतकं काय त्यात? माती आणायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, चोपायचं, वाळू द्यायचं. भेग पडली की परत पाणी मारून चोपायचं. वर शेणाचा हात." आजींच्या घरी पावसाळा सरला की अंगण असंच होई. चोपणं हातात घेऊन त्यांनी किती अंगणं केली असतील त्याचा हिशेब नाही. गंमत म्हणजे जाणकार पाळणारे हेच सांगतात. खत न घातलेली साधी माती साठ-सत्तर टक्के, बाकी धुतलेली वाळू, ओलं करून दाबायचं आणि पूर्ण वाळल्यावरच जनावर सोडायचं. फक्त शेणाला त्यात जागा नाही, जंतू आणि वास दोन्ही नकोत. "इथे शेण मिळतं, आई. बनिंग्जमध्ये. पोत्यात. बागेसाठी," तक्तेकर म्हणाले. किती डॉलरला, ते ऐकून आजींनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि तिकडे आपली गाय फुकट घालवत्येय," असं म्हणून त्या बराच वेळ बागेकडे बघत बसल्या.

मातीला सगळ्यांत जास्त गुण होते, एक रकाना सोडून. 'गिळलं तर काय?' तिथे तक्तेकरांचं बोट अडे. आतडं तुंबून निपचित पडलेल्या ड्रॅगनची चित्रं त्यांनी रात्री जागून पाहिली होती.

मे महिना लागला. सिडनीत दिवस लहान झाले, पहाटे दहा अंशांच्या खाली जाऊ लागलं. आणि यशवंताने खाणं सोडलं. ओंडक्यामागे जाऊन पडून राहायचा. आठवडा झाला तरी कागद कोरा. तक्तेकर कागद उचलून उजेडात धरून बघत. शेवटी यशवंताला टॉवेलात गुंडाळून, सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गाडी काढली. वाटेत ते एकच वाक्य म्हणत होते, "पण मी तर वाळू घातलीच नव्हती!"

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पोट चाचपलं, एक्स-रे काढला. वजन जिथल्या तिथे, आतडी मोकळी. "थंडी पडली, साहेब झोपायला लागलेत," त्या म्हणाल्या. "ब्रुमेशन. रानातही हे असेच मंदावतात. पाणी द्या, वजनावर लक्ष ठेवा." आणि मग तक्तेकरांची ती तक्त्याची फाइल बघून त्यांनी समजावलं, की आतडं तुंबलेले ड्रॅगन येतात, पण निरोगी, मोठ्या जनावराच्या पोटातून चार कण मातीचे निघून जातात. जे येतात त्यांच्यात बहुतेकदा दिवा पुरेसा तापत नाही, नाहीतर अतिनील नळी जुनी होऊन गेलेली असते, नाहीतर पाणी कमी, कॅल्शियम कमी, पोटात जंत. ऊब नसेल तर घास पचतच नाही, मग आत जे असेल ते तुंबतं. मालक मात्र दोष देतात खालच्या वाळूला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी मराठीत म्हणालो. तक्तेकरांनी हे न ऐकल्यासारखं केलं.

"मग खाली घालू काय?" त्यांनी विचारलं. फाइल उघडलीच होती.

बाईंनी चौदा रकान्यांवरून नजर फिरवली. "छान आहे हे. यातलं जे रोज स्वच्छ ठेवलं जाईल ते घाला."

परतताना गाडीत तक्तेकर गप्प होते. त्यांना रकाना सापडत नव्हता.

तो सापडला पुढच्या शनिवारी, आम्ही जेवायला गेलो तेव्हा. टीव्हीवर तक्ता लावलेला, हिरवा-पिवळा-लाल. वरणभात झाला, ताक आलं, तक्तेकर रिमोट हातात घेऊन फरशी विरुद्ध माती समजावत होते. वहिनी पदराला हात पुसत आल्या, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पंधरावा रकाना घातला. वर लिहिलं, 'काढणार कोण?'

"काढणार म्हणजे?" तक्तेकर.

"त्याने केलेलं."

"अगं, ते... कागद तर रोज बदललेला असतो."

"हो ना! कुणी बदलला?"

चिऊ म्हणाली, "सोमवार ते गुरुवार मी, शाळेच्या आधी. शुक्रवार-शनिवार आई. रविवारी आजी." आजींनी दुजोरा दिला. त्या रविवारी हे काम आंघोळीआधी उरकत, कोपरापर्यंत हात साबणाने धूत आणि मगच देवाजवळ जात. डॉक्टरीणबाईंनी साल्मोनेलाचे जंतू लागू नयेत म्हणून हात धुवायला सांगितलं, तेव्हा आजींना त्यात नवीन काही वाटलं नव्हतं.

तक्तेकरांनी त्या रकान्याकडे पाहिलं. हाडाचा तक्तेकार माणूस, अन्यायाची जाणीव व्हायच्या आधी त्यांना सूत्राची अडचण जाणवली. "याला वजन किती द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"सगळं," वहिनी म्हणाल्या.

सूत्र बदललं, आकडे सरसर हलले. वाळू, भरडा, सतरंजी एका दमात तळाला. माती पहिली होती ती घसरली, कारण ओली घाण रोज चमच्याने उचलायची आणि काही महिन्यांनी सगळीच काढून नव्याने चोपायची. स्लेटची फरशी वर आली. उचलायचं, पुसायचं, झालं. नखं झिजतात, ऊब धरते, पाय घसरत नाही. लाल टी-शर्टवाल्या मुलाने हेच एका शब्दात सांगितलं होतं, पण त्याने रकान्यांतून सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते मोजलं गेलं नाही. शिवाय उकरायची हौस राहू नये म्हणून थंड टोकाला मातीचा एक खोल डबा ठेवायचं ठरलं. तो आजींनी केला. बागेतल्या पोत्यातली माती चाळली, पाणी शिंपडलं, लाटण्याच्या टोकाने कडेकडेने आणि मग मधून दाबत, अशी काही चोपली की वाळल्यावर चिऊने बोट मारलं तर टणक वाजलं. तक्तेकरांनी पिस्तूल रोखून त्या मातीचं तापमान घेतलं. आजींनी लाटणं दाखवल्यावर खाली केलं.

आता राहिला पंधरावा रकाना. तिथे नाव लिहायचं होतं. सगळे ताक पीत होते आणि कुणीही तक्तेकरांकडे बघत नव्हतं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, सेल हिरवी केली आणि कुणी काही बोलायच्या आत नवीन पान उघडलं. वर मथळा, 'जंतुनाशक'. ओळी पडायला लागल्या, एफ-टेन, क्लोरहेक्सिडीन, व्हिनेगर, गरम पाणी. रकाने, किती मिनिटं ठेवायचं, वास, फुफ्फुसाला झोंबतं का, स्लेटवर डाग पडतो का.

हे पान अजून पुरं झालेलं नाही. तोवर तात्पुरतं म्हणून तक्तेकर रोज सकाळी गरम पाण्याचं फडकं घेऊन पेटीसमोर मांडी घालून बसतात. स्लेट सुरेख बसली आहे, कडेला कड भिडलेली, एक कण अडकायला जागा नाही. यशवंत दिवसभर ओंडक्यावर असतो, नाहीतर चिऊच्या खांद्यावर. ज्या पावणेआठ चौरस फुटांवर एवढं संशोधन झालं, तिथे तो दिवसातून एकदा उतरतो, एका कामासाठी. आणि ते काम आता तक्तेकरांच्या रकान्यात आहे.